गावपळणीतले बंद डबे

"ह्या वर्षीच्या गावपळणीत माझ्या खोपीत चूल पेटूची नाय म्हणजे नाय! सावित्री तीन दिस पळीक हात लावूची नाय! सगळा जेवान मी करतलंय!"

असं बाबली परबाने देवळाच्या सभामंडपात, भर बैठकीत, मांडीवर थाप मारून जाहीर केलं. बरं, एवढं मोठं बोलायचं तर निदान हळू बोलावं! पण एसटीच्या डेपोत सारा जन्म इंजिनांच्या वर आवाज काढून बोललेला माणूस तो. निवृत्त झाला तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. पार नदीपलीकडच्या लोकांनी ऐकलं.

गावपळण ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. दर तीन वर्षांनी देव कौल देतो आणि आमचा सगळा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी! नदीकाठी खोपी बांधायच्या आणि तीन रात्री तिथेच काढायच्या. परतीचा कौल मिळेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. चष्मा घरी राहिला? राहू दे. कवळी राहिली? पेज पी. मागच्या खेपेला आमच्या गुरुदास मानकऱ्यांची कवळी राहिली होती. तीन दिवस ते काय बोलतात ते कोणाला कळलं नाही, आणि त्या गावपळणीत एकही भांडण झालं नाही!

तर असे हे मजेचे दिवस. नदीत डुंबा, पत्ते खेळा, संध्याकाळी भजन, बायकांच्या फुगड्या. पण मजा करणाऱ्यांना भूक लागतेच ना! यंदा बैठकीच्या आदल्या दिवशी बाबलीच्या बायकोने, सावित्रीने, त्याला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं.

"ऐकलास? लग्न होवन इलंय तेव्हापासून जितक्यो गावपळणी झाल्यो, तितक्यो मी चुलीकडे तोंड करून काढलंय. नदी कायम माझ्या पाठीक. तुमी पावण्यांक हाडतास, कोंबडे हाडतास, आणि मी फुकून फुकून डोळे लाल करतंय. ह्या खेपेक मी येवचंय नाय. मी जातंय वालावलाक, माझ्या भावाकडे. तुमी रवा आणि तुमची कोंबडी रवांदेत!"

खरं सांगायचं तर बाबलीचा बायकोवर फार जीव. फक्त ते त्याने तिला कधी कळू दिलं नव्हतं. आजूबाजूला सगळा गाव हसतोय-खेळतोय आणि आपल्या खोपीत आपण एकटे, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं. मग तो तडक फेलिक्सकडे गेला.

फेलिक्स त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त. फेलिक्सचा मुलगा ॲरोन जहाजावर, तिथल्या स्वयंपाकघरात. सुट्टीवर आला तेव्हा तो एक छोटा स्टोव्ह ठेवून गेला होता. एकाच बर्नरचा, पाय दुमडले की पिशवीत मावणारा, आणि बाजूला गॅसची इवलीशी टाकी. सोबत गोणीभर डबे! टोमॅटोतला राजमा, तेलातले तारले, छोले, भाज्यांचं सूप, अननस. जाड पत्र्याचे, जहाजावरचे दणकट डबे!

"डबो उघडूचो, टोपात ओतूचो, वायच गरम करूचो. झाला जेवान!" फेलिक्स म्हणाला.

बाबलीने घरी रंगीत तालीम केली. ॲरोनच्याच ओपनरने एक डबा कर्रकर्र कापला, राजमा गरम केला, पावाबरोबर खाल्ला. दहा मिनिटांत काम फत्ते!

"इतक्या वेळात आमची गाडी ष्टार्टसुदा होत नाय!" बाबली खूश होऊन म्हणाला. सावित्रीने वालावलचा बेत रद्द केला, पण एक बोट वर करूनच. "माका एकदा जरी चूल पेटवची लागली, तर मी थयसून सरळ वालावलाक. मगे माका न्हेवक येव नकात."

म्हणून ती सभामंडपातली गर्जना.

गावपळणीचा दिवस आला. ढोल वाजला. गुरं पुढे, कोंबड्यांच्या टोपल्या डोक्यावर आणि मांजरं पिशवीत, असा आमचा गाव निघाला. बाबलीच्या एका खांद्यावर गोणी, दुसऱ्यावर स्टोव्ह आणि मागे दोरीला बांधलेली ढवळी गाय. वेस ओलांडली, खोप उभी राहिली, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला बाबलीने स्टोव्ह मांडला. बघायला ही गर्दी! सावित्री प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर. एका बाजूला फेलिक्सची बायको आपोलिना, दुसऱ्या बाजूला गुरुदासांची बायको यशोदा.

बाबलीने बटण फिरवलं. फूस्स! निळी ज्योत!

"गो सायबिणी! धूर नाय, काजळी नाय!" आपोलिनाने गालावर हात ठेवला.

"आता बघा!" बाबली म्हणाला. त्याने डाव्या हातात राजम्याचा डबा घेतला आणि उजवा हात मागे पिशवीत घातला. पिशवीत काही लागलं नाही. मग गोणीत घातला. मग सदऱ्याच्या खिशात, लेंग्याच्या खिशात, आणि शेवटी उगाचच फेलिक्सच्याही खिशात! मग त्याचा हात थांबला. तालीम झाल्यावर ओपनर हरवू नये म्हणून त्याने स्वतः तो स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या खिळ्याला नीट अडकवला होता. हरवला नव्हताच तो. तीनही दिवस जागचा हलला नाही!

बाबलीने स्टोव्ह विझवला आणि फेलिक्सला माडाच्या आडोशाला ओढलं.

"फेलिक्स, माझ्या घराक जा मरे. मागच्या दारान. खिडकीकडे खिळो आसा..."

"खुळो झालस? गावपळण आसा!"

"अरे, पण तू ख्रिस्तांव. देव आमचो. तुका काय करूचो नाय."

"देव तुमचो, पण वेस सगळ्यांची! माझ्या आज्याचो आजो पण हयच खोप घालून बसलेलो. देव माका काय करीत तां माका म्हायत नाय, पण आपोलिना काय करीत तां पक्क्या म्हायत आसा! तू असा कर, मालवणाक जा आणि नवो घेवन ये."

आता इथे शहाण्या माणसाने एसटी धरली असती. पण बाबली फुगला ना!

"एका डब्यासाठी मालवणाक? अरे, मी एसटीची इंजिना उघडलंय! गियरबॉक्स उघडलंय! पत्र्याचो डबो तो काय, आणि तेची मिजास ती काय!"

बोलणं अगदी बरोबर. फक्त ज्या पकडी, छिन्न्या आणि पान्यांनी त्याने इंजिनं उघडली, ती सगळी हत्यारंही घरीच होती.

त्याने फेलिक्सचा कोयता मागितला. पहिल्या घावाला डबा सटकला आणि गडगडत नदीत गेला. दुसऱ्या घावाला दुसऱ्या डब्याला पोचा पडला. तिसऱ्या घावाला कोयत्याला पोचा पडला! फेलिक्सने कोयता हातात घेतला, धारेवरून बोट फिरवलं, आणि संध्याकाळपर्यंत तो बाबलीशी बोलला नाही.

दुपार टळून गेली. आपोलिनाने सावित्रीचा हात धरला. "चल गो, माझ्याकडे तिसऱ्यो केल्यात. तुझ्या घोवाचा काम चलांदे." सावित्री गेली, पोटभर जेवली आणि बाबलीसाठी पानात वाढून घेऊन आली. पण हा मानी! "नको. आज पोटाक आराम!" म्हणाला आणि कोरडा पाव चावत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेलिक्सचा राग उतरला, कारण त्याला एक युक्ती आठवली. "बाबल्या, डब्याची कड दगडार घास. कड झिजली काय झाकान सुटता. ॲरोनान मोबाईलवर दाखवलेल्यान!"

झालं! बाबलीने एक चिरा ओढला आणि घासायला बसला. खर्रर्र खर्रर्र! आवाज ऐकून एक आला, दुसरा आला, हळूहळू गावातले सगळे बाप्ये गोळा झाले. पत्त्यांचे डाव मोडले, गळ पाण्यात तसेच राहिले. प्रत्येकाला वाटे, आधीच्याला घासताच येत नाही.

"गोल घास, गोल!"

"गोल नाय रे, उभो घास!"

"सर बाजूक, मनगटात जोर होयो!"

पण आमच्याकडचा दगड म्हणजे जांभा. तो कुठला पत्र्यापुढे टिकतो! दुपारपर्यंत घासून घासून चिरा निम्मा झाला, सगळ्यांचे लेंगे तांबडे झाले आणि डब्याला नवी कोरी चकाकी आली. झाकण होतं तिथेच. त्या दिवशी सावित्री यशोदेकडे जेवली. वडे आणि कोंबडीचा रस्सा! "खा गो बाये," यशोदा वाढता वाढता म्हणे, "घोव असो, तर तू तरी काय करशीत?" हे वाक्य बाबलीच्या कानावर गेलं, आणि त्याने हातातला कोरडा पाव खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाबलीचं डोकं चाललं. तेच चाललं नसतं तर बरं झालं असतं.

"वाफ!" तो ओरडला. "अरे, वाफेन इंजिन चलता, मगे झाकान उडाचा नाय? डबो तसोच ष्टोव्हार ठेवया. आत वाफ धरतली आणि झाकान आपसूक सुटतला!"

"आमचो ॲरोन डबो आधी उघडता हां," फेलिक्स चाचरत म्हणाला.

"उघडूक येता तर वाफ कित्याक होयी होती?" बाबली म्हणाला.

बंद डबा ज्योतीवर चढला. बाप्ये लांब, खोपींच्या मागे जाऊन उभे राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. डब्यातून नुसती टुकटुक ऐकू येत होती. इतक्यात गुरुदास मानकरी वेशीवरचं आपलं आसन सोडून तरातरा आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. गावपळणीत वेशीची राखण त्यांच्याकडे, त्यामुळे ह्या दिवसांत त्यांचा रुबाब काही औरच!

"बाबल्या! ह्या काय मांडलंस वेशीर?" म्हणत ते बघायला वाकले.

"काकानूऽ, वाकू नकात!"

धडाम्!

देवाची कृपा, कोणाला साधं खरचटलंही नाही. पण राजमा! खोपीच्या झावळ्यांवर राजमा, माडावर राजमा, आणि गुरुदास मानकरी डोक्यापासून धोतराच्या काष्ट्यापर्यंत लालेलाल! यशोदा धावत आली आणि नवऱ्याला बघून तिने हंबरडाच फोडला, "अगो माझ्या आवशी! रगात!"

गुरुदासांनी जीभ बाहेर काढून मिशीवर फिरवली. विचार केला.

"रगात नाय गो," ते म्हणाले. "आंबाट आसा. वायच गोड पण लागता."

हसावं की पळावं हे कोणी ठरवायच्या आतच कोणीतरी ओरडलं, "ढवळी! ढवळी गेली!"

आवाजाने बिथरलेल्या ढवळीने दावं तोडलं होतं आणि शेपटी वर करून ती निघाली होती सरळ घराकडे! वेस ओलांडून, गावात! गुरुदासांनी काठी आपटली.

"गावात जितो जीव गेलो! ती भायर येय नाय तवसर कौल मागूचो कसो? फाल्या देवान परतीचो कौल दिल्यान नाय, तर सगळो गाव हयच रवतलो! आणि तां बाबल्यामुळे!"

अख्ख्या गावाने बाबलीकडे बघितलं. कोणाचं पोट रोजच्या मासळीवर होतं, कोणाच्या कामावरच्या रजा संपत आल्या होत्या. मग सगळे बाप्ये वेशीवर एका रांगेत उभे राहिले आणि हाका मारू लागले. "ढवळे, ये गो बाये! ये गो माझ्या सोन्या!" जन्मात बायकोला अशा आवाजात हाक न मारलेली माणसं ती! ढवळीने वेशीलगतच्या बाबलीच्या अंगणातून मान वळवून एकदा बघितलं आणि गवताच्या उडवीत तोंड खुपसलं.

आता उपाय एकच होता. ढवळी ऐकते ती फक्त सावित्रीचं. बाबली धापा टाकत नदीवर गेला.

सावित्री पाण्यात बसली होती. गुडघाभर पाण्यात, खडकाला टेकून, डोळे मिटून. बाजूला आपोलिना काहीतरी सांगत होती आणि सावित्री हसत होती. बाबली क्षणभर तसाच उभा राहिला. इतकं निवांत हसताना त्याने तिला कधी पाहिल्याचं त्याला आठवेना. आणि आता आपणच तिला उठवणार, हे कळून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"सावित्री... ढवळी घराक गेली."

सावित्रीने डोळे उघडले. ओल्या लुगड्यानिशी चालत वेशीवर आली आणि एकच हाक मारली, "ढवळेऽऽ!" गायीने उडवीतून तोंड काढलं आणि गुमान चालत परत आली. गावाने सुटकेचा श्वास सोडला. सावित्रीने दावं बाबलीच्या हातात दिलं.

"ऐकलास? दोन दिस मी लोकांच्या पानार बसलंय. आपोलिना वाढता, यशोदा वाढता, आणि वर 'बिचारी, बिचारी' म्हणतत. माका आराम होयो होतो, भीक नको होती! फाल्या सकाळी माझी मी चूल पेटवतंय. आणि मगे वालावल. गाव घराक जांव नायतर रवांदे, माझा मी ठरवलंय."

ह्या वेळी बाबलीने आवाज चढवला नाही. चढवायला आत काही उरलंच नव्हतं.

पहाटे, सावित्री उठायच्या आधी, तो आपोलिनाच्या खोपीबाहेर जाऊन उभा राहिला. इतक्या हळू आवाजात बोलला, की आपोलिनाला आधी वाटलं कोणीतरी आजारी आहे.

"आपोलिना... पेजेक पाणी किती घालूचा?"

"तांदूळ धुतलस?"

"धुवचे असतत?"

आपोलिना पोट धरून हसली, पण नंतर तिने नीट समजावून सांगितलं. उकडे तांदूळ धुतले गेले, टोप त्या इवल्याशा स्टोव्हवर चढला आणि बाबली त्याच्यासमोर उकिडवा बसला. ढवळायचं, थांबायचं, पुन्हा ढवळायचं. जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून विचारी, "बाबल्या, मीठ घातलंस?" आणि बाबलीला काही खात्री नसे, म्हणून तो दर वेळी थोडं घाली! शितं फुटली आणि त्याच मिनिटाला गॅस संपला. देवाने पहिला कौल इथेच दिला म्हणायचा.

सावित्री चूल मांडायला तीन दगड हातात घेऊन आली, तेव्हा खुर्चीसमोर पेजेची वाटी वाफाळत होती. तिने वाटीकडे बघितलं, बाबलीच्या भाजलेल्या बोटांकडे बघितलं. दगड खाली ठेवले आणि खुर्ची नदीकडे फिरवून बसली. एक वाटी प्यायली. दुसरी मागितली.

"बरी झाली?" बाबलीने भीतभीत विचारलं.

"गरम आसा," सावित्री म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथे धूर तर कुठेच नव्हता.

उन्हं वर आली तशी मानकरी मंडळी वेशीबाहेरच्या देवळात गेली. गुरुदास सगळ्यात पुढे, फिक्या गुलाबी धोतरात. कारण राजमा काही धुऊन जात नाही! वेशीवर सगळा गाव श्वास रोखून उभा. बाबली तर गायीच्या मागेच लपला होता. आणि मग ढोल वाजला. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार! गाव घरी निघाला. सावित्री चालत होती ती वालावलच्या वाटेने नाही, बाबलीच्या शेजारून. आपोलिना मागून ओरडली, "सावित्री गो, पुढच्या गावपळणीक तुझो घोव आमकाय दी पेज करूक!" सगळ्या बायका हसल्या आणि सगळ्या बाप्यांनी खाली मान घालून पावलं भराभर उचलली.

दार उघडलं, ढवळी गोठ्यात गेली. बाबली ओटीवर आडवा पडला आणि जन्माची मोहीम जिंकून आल्यासारखा सुस्कारा सोडून म्हणाला, "हुश्श! सुटलो! सावित्री, आता वायच कायतरी बरा रांध गो. भूक लागली."

सावित्री खांबाला टेकून बसली होती. पाय लांब सोडलेले. ती जराही हलली नाही.

"सकाळच्या पेजेत मीठ जास्त झाला होता," ती म्हणाली. "आता करतास तेतूर कमी घाला."

बाबली उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि बराच वेळ नुसताच खडखडाट ऐकू येत राहिला. मग, ज्या घरात जन्मला, वाढला आणि आजवर रोज दोन वेळा जेवला, त्याच घरातून बाबलीचा कधी नव्हे इतका बारीक आवाज आला.

"सावित्री... मीठ खंय ठेवतस गो?"